मांद्र्याचे भाऊ दाजी आणि कडू कवठाचे तेल

चतुर्थीच्या माटोळीला कांगले, कवंडाळ अशी रानातली फळे आपण हौसेने बांधतो. पेडणे-डिचोलीच्या रानांत औषधी झाडेही पुष्कळ. अशाच एका रानझाडाच्या बियांमुळे पेडण्याच्या एका सुपुत्राचे नाव कुष्ठरोगाच्या इतिहासात गेले. ते डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांचा जन्म 1822 साली मांद्र्याला झाला. पेडणे पोर्तुगिजांकडे जाऊन तेव्हा 34 वर्षे झाली होती. शिक्षण मुंबईत झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. गोरगरिबांना ते मोफत औषध देत.

त्या काळी महारोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप किंवा घराण्याचा दोष. युरोपातले नामांकित वैद्यही तो आनुवंशिक मानत. कोकण-गोव्यात कडू कवठाच्या बियांचे तेल चिवट त्वचारोगांवर घरोघरी लावत. भाऊंनी ते कुष्ठरोग्यांना देऊन पाहिले. अनेकांना गुण आल्याचे ते सांगत. औषध मात्र त्यांनी लगेच उघड केले नाही आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली.

1873 मध्ये नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जिवाणू शोधला. पुढच्याच वर्षी, 31 मे 1874 रोजी, भाऊ गेले. हा जिवाणू अंगात शिरला तरी बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला दाद देत नाही. ज्यांची शक्ती या एका जिवाणूपुढे तोकडी पडते, त्यांनाच रोग जडतो. पुढे हातापायांची संवेदना जाते. नकळत झालेल्या जखमांत दुसरे जिवाणू शिरतात आणि त्या चिघळतात. बोटे झडण्यामागे पाप नव्हते, ते हे.

1940 च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत कवठाच्या जातीचे तेल हाच जगभर मुख्य आधार होता. 1982 पासून बहुविध औषधोपचार आला. आज सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो आणि सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कायद्यातली तरतूद मात्र 2019 पर्यंत टिकून होती.

सोयरीक जमवताना घराण्यात ‘तो रोग’ नाही ना, हे अजूनही हळूच विचारले जाते. म्हणूनच बधिर चट्टा दिसला तरी माणसे तो लपवतात आणि उपचाराला उशीर होतो. भाऊ दाजींच्या तालुक्यात तरी तसे होऊ नये.