उद्याच्या खेळाडूची पारख : प्रस्तावना

अमेरिकेत 'अमेरिकन फुटबॉल' खेळणाऱ्या शाळकरी मुलांच्या नावापुढे तारे लागतात. परीक्षक सामन्यांच्या चित्रफिती पाहतात, शिबिरांत उंची, वजन, वेग मोजतात आणि मुलगा पुढे किती मोठा होईल याचा अंदाज बांधतात. पाच तारे '247स्पोर्ट्स' हे संकेतस्थळ दरवर्षी साधारण 32 जणांनाच देते, कारण व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या फेरीच्या जागा तेवढ्याच. जे. जे. वॉटच्या वाट्याला दोनच तारे आले होते. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

सिल्वासाच्या वाचकाला हा विषय परका नाही. शेजारी महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनीसाठी लहान मुलांच्या चाचण्या होतात: 30 आणि 800 मीटर धाव, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन. शटल रनमध्ये 10 मीटरचे अंतर सहा वेळा कापायचे असते. नुसत्या वेगाने धावणारा रेषेपाशी भरकटतो. कमरेतून वाकून, पाय रोवून वळणारा तिथेच त्याला गाठतो. केंद्राची 'कीर्ती' योजना 2024 पासून 9 ते 18 वर्षांच्या मुलामुलींची अशीच पारख करते.

या पारखीतला सर्वांत अवघड प्रश्न मला वयाचा वाटतो. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळपास वर्षाने थोराड असतो, आणि ते थोराडपणच गुण म्हणून खपते. कॅनडाच्या आइस हॉकीत रॉजर बार्न्सली यांनी हे 1985 मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख 1 जून लिहून दिलेले असंख्य जण आहेत. मग मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहावे लागते, आणि तेही अंदाजानेच.

शिवाय मैदानापर्यंत पोचतो कोण? त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. अशा पाड्यावरचे मूल मैदानापर्यंत पोचले, तरी इतक्या लांब पल्ल्याचा दम 800 मीटरच्या चाचणीत पुरता कळत नाही.

म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचे मनापासून स्वागत करताना एक आग्रह धरतो. निवड झालेल्यांच्या नोंदी सगळेच ठेवतात. वगळलेल्यांचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय चाचणी खरी की खोटी हे ठरत नाही. खानवेल, दुधनीच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना हे काम एका वहीवर आजही सुरू करता येईल: नाव, जन्मतारखेचा आधार, मोजमापे, आणि दर वर्षी पुन्हा तीच मोजमापे.