दुर्गाबाईंचा करार

दुर्गा खोटे यांचं नाव निघालं की ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते: गिरगावातल्या लाडांच्या सुखवस्तू घरातली, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली मुलगी सिनेमात गेली आणि घरंदाज बायकांना ती वाट मोकळी झाली. गोष्ट चुकीची नाही, पण अपुरी आहे. फाळक्यांच्या १९१३च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्याच, म्हणजे पडद्यावर बाई दिसणं १९३१ साली नवं राहिलं नव्हतं. तरी त्या वर्षीच्या ‘फरेबी जाल’मधल्या छोट्याशा कामावरून दुर्गाबाई खोटे यांच्यावर टीकेची झोड उठली. गिरगाव ते शीव या टापूतल्या पांढरपेशा घरांना सिनेमा पाहायला चालत होता, घरच्या सुनेनं त्यात काम केलेलं चालत नव्हतं. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामतीनं ही कुजबुज बरीच थंडावली, आणि बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. माझ्या मते महत्त्वाचा भाग इथून पुढे सुरू होतो.

त्या काळी नट-नट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. महिन्याचा पगार घ्यायचा आणि कंपनी देईल ते काम करायचं. दुर्गाबाईंनी हे बंधन मानलं नाही. प्रभातनंतर १९३३ साली न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’, १९३४ साली ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा ‘सीता’, दोन्ही कलकत्त्याचे. आणि १९३६ साली पुन्हा प्रभातचाच ‘अमरज्योती’, त्यातली समुद्रावर चाचेगिरी करणारी सौदामिनी. सोडून गेलेल्या नटीला कंपनी मोठ्या भूमिकेसाठी परत बोलावते, यातच तिची बाजारातली पत दिसते. तिकडे हॉलिवूडमध्ये नटी ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडला वॉर्नर ब्रदर्सच्या करारातून सुटायला कोर्टात जावं लागलं. निकाल लागला १९४४ साली.

यावर कुणी म्हणेल, शिक्षण आणि घराण्याचं नाव पाठीशी असताना हे सोपंच होतं. अंशतः खरं. नाव नसलेल्या नटीला असा हट्ट परवडला नसता. पण त्या सिनेमात आल्या त्या हौसेपोटी नव्हे, ओढग्रस्तीमुळे. बांधलेला पगार सोडणं त्यांनाही जोखमीचंच होतं. दुसरा आक्षेप असा की शेवटी त्याही आईच्या भूमिकांतच अडकल्या. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आणि १९७४च्या ‘बिदाई’साठीचं फिल्मफेअर पारितोषिक पाहता ‘अडकल्या’ हा शब्द मला कोता वाटतो. शिवाय उत्पन्नासाठी त्या केवळ भूमिकांवर विसंबून नव्हत्या. जाहिरातपट आणि माहितीपट काढणारी स्वतःची संस्था त्यांनी उभी केली होती. १९८८ साली दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरची, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ‘वागळे की दुनिया’ आली, तिची निर्मिती दुर्गाबाईंचीच. तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या.