घरच्या स्विमिंग पूलची देखभाल कशी करावी? नवीन मालकांसाठी सोपी माहिती

परभणीच्या आसपास आता शेतातल्या घराजवळ छोटा पूल बांधणारे लोक दिसायला लागलेत. बांधून देणारा माणूस पंप चालू करून दाखवतो, क्लोरीनचा डबा हातात देतो आणि निघून जातो. माझंही तसंच झालं. पहिल्याच मे महिन्यात चार दिवस गावाला गेलो आणि परत आलो तर पूल हिरवागार! घाईत मी आणखी एक चूक केली, ती पुढे सांगतो. मला जे चुकून-माकून कळलं ते तुम्हाला आधीच कळावं, म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी: पूलमध्ये पाणी किती?

हे माहीत नसेल तर औषधाचं प्रमाण काढताच येत नाही. लांबी × रुंदी × सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. माझा पूल ६ × ४ × १.२ म्हणजे २८.८ घनमीटर, म्हणजेच २८,८०० लिटर. हा आकडा पंपाजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.

पाण्यात काय तपासायचं?

थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट मिळतं, ते घ्या. नुसतं पाणी बघून काही कळत नाही.

- पीएच: ७.२ ते ७.६
- मोकळा क्लोरीन: १ ते ३ पीपीएम
- अल्कलिनिटी: ८० ते १२० पीपीएम
- कॅल्शियम कठीणपणा: २०० ते ४०० पीपीएम
- स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड: ३० ते ५० पीपीएम

पीएच आणि क्लोरीन उन्हाळ्यात रोज तपासा, बाकीचं महिन्यातून एकदा चालतं. आधी पीएच, मग क्लोरीन हा क्रम लक्षात ठेवा. पीएच ७.५ ला साधारण निम्मा क्लोरीन जंतू मारायच्या कामाचा असतो. ८ ला तो पाव भागापेक्षाही कमी राहतो. म्हणजे पीएच वाढलेला असताना क्लोरीन ओतत राहणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

क्लोरीन किती टाकायचा?

हिशोब सोपा आहे: १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. माझ्या पूलला २ पीपीएम वाढवायचे तर साधारण ५८ ग्रॅम लागतो. १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन असेल तर सुमारे ५८० मि.लि., आणि ९० टक्क्यांची टीसीसीए पावडर असेल तर सुमारे ६४ ग्रॅम.

आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. स्टॅबिलायझर नसेल तर दुपारच्या उन्हात बहुतेक क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातो. म्हणून क्लोरीन नेहमी संध्याकाळी टाका. स्टॅबिलायझर असेल तर क्लोरीन २ पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नका. टीसीसीएमध्ये स्टॅबिलायझर आधीच असतो आणि तो पाण्यात साठत जातो. १०० च्या वर गेला की क्लोरीन मंदावतो. मग थोडं पाणी बदलण्याशिवाय इलाज नाही.

बोअरचं पाणी आणि पांढरा थर

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. टाइल्सवर पांढरा थर बसतो, पाणी दुधाळ दिसतं. अशा पाण्यात ब्लीचिंग पावडर वापरली तर कॅल्शियम आणखी वाढतं, म्हणून लिक्विड क्लोरीन बरं. पीएच ७.६ च्या वर जाऊ दिला नाही तर थर कमी बसतो.

पंप आणि सँड फिल्टर

दिवसातून एकदा तरी सगळं पाणी फिल्टरमधून गेलं पाहिजे. पंप तासाला ६,००० लिटर ओढत असेल तर माझ्या पूलला पाच तास. लाइट जाते-येते, त्यामुळे हे तास दोन-तीन हप्त्यांत केले तरी चालतात.

फिल्टर स्वच्छ असताना प्रेशर गेजचा आकडा लिहून ठेवा. त्यापेक्षा ८-१० पीएसआय वाढला की बॅकवॉश करा: आधी पंप बंद, मग हँडल फिरवा, २-३ मिनिटं बॅकवॉश, अर्धा मिनिट रिन्स. पंप चालू असताना हँडल फिरवलं तर व्हॉल्व्ह खराब होतो.

२०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. बॅकवॉशचं पाणी गटारात सोडू नका. टाकीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, क्लोरीन उतरला का ते किटने बघा आणि मगच झाडांना द्या.

पाणी कमी होतंय, गळती आहे का?

बादली भरून पूलच्या पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खुणेने लिहा. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन. पूलची जास्त उतरली तर गळती. माझ्या पूलला १ सेंमी म्हणजे २४० लिटर! रात्री झाकण टाकलं तर बरंच वाचतं.

पावसाळ्यात पूल रिकामा करू नका

आपली काळी जमीन पाऊस पडला की फुगते. जमिनीत पाणी भरलेलं असताना पूल रिकामा केला तर बाहेरच्या दाबाने तळ उचलला जाऊ शकतो, भिंतीला तडे जातात. स्वच्छता पाणी ठेवूनच करा.

पाणी हिरवं झालं तर?

भिंती ब्रशने घासा, पीएच ७.२ ला आणा, संध्याकाळी क्लोरीन १० पीपीएमपर्यंत वाढवा आणि पंप सलग चालू ठेवा. पाणी निवळेपर्यंत रोज घासणं आणि गरजेप्रमाणे बॅकवॉश. तळ स्पष्ट दिसेपर्यंत आणि क्लोरीन ३ वर येईपर्यंत कोणालाही उतरू देऊ नका.

माझी चूक, तुम्ही करू नका

त्या हिरव्या पूलच्या गडबडीत, ज्या मगात ब्लीचिंग पावडर उरली होती त्यातच मी ॲसिड ओतलं. क्षणात पिवळसर धूर निघाला आणि श्वासच घेता येईना. बायकोने हाताला धरून मोकळ्या हवेत ओढलं म्हणून वाचलो. खोकला दोन दिवस गेला नाही. तो क्लोरीन वायू होता, जीवही जाऊ शकतो.

- ॲसिड आणि क्लोरीन कधीच एकत्र करू नका. मग, बादली आणि कपाट वेगळं ठेवा.
- दोन प्रकारचे क्लोरीनही एकमेकांत मिसळू नका, आग लागू शकते.
- औषध पाण्यात टाका, औषधावर पाणी ओतू नका.
- पंपाला अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पिअरचं ईएलसीबी हवंच.
- चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक लावा. लहान मूल बुडताना ओरडत नाही, त्यामुळे मोठ्या माणसाची नजर हवीच.

सवय लागली की रोजची दहा मिनिटं पुरतात: जाळीने पाला काढा, स्किमरची टोपली रिकामी करा, पीएच आणि क्लोरीन बघून वहीत लिहा. चार दिवस गावाला जाणार असाल तर ती वही आणि टेस्ट किट शेजाऱ्याला समजावून द्या. मी आता तसंच करतो.