समजून घ्या: लिनक्समध्ये तुमच्या चाव्यांचा जुडगा कोण सांभाळतं?

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला एक सर्व्हर डोळ्यांसमोर आणा. त्यावर पन्नास जणांची खाती आहेत. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, पण मशीन एकच आणि मेमरीही एकच. मग एकाची गुपितं दुसऱ्याच्या हाती का लागत नाहीत?

लिनक्सवर या प्रश्नाचं एक उत्तर आहे कर्नल कीरिंग, म्हणजे चाव्यांचा जुडगा. पण याच जुडग्यात एक चूक तब्बल ९ वर्षं लपून राहिली होती.

कर्नल कीरिंग म्हणजे काय?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगभरातले असंख्य सर्व्हर लिनक्स कर्नलवर चालतात, तुमचा अँड्रॉइड फोनसुद्धा.

फाइल उघडणारी एन्क्रिप्शनची चावी किंवा नेटवर्कवरच्या लॉगिनचं तिकीट प्रोग्रामने स्वतःजवळ ठेवण्याऐवजी कर्नलकडे सोपवता येतं. ही सोय रेड हॅटचे इंजिनिअर डेव्हिड हॉवेल्स यांनी तयार केली. २००४ च्या अखेरीस आलेल्या २.६.१० या आवृत्तीपासून ती लिनक्समध्ये आहे.

प्रत्येक चावीचा मालक कोण, ती कोण वाचू शकतो, कोण बदलू शकतो आणि तिची मुदत कधी संपते, याची नोंद कर्नल ठेवतो.

कोणता जुडगा कोणाचा?

कर्नल तुम्हाला नावाने नाही, तर एका क्रमांकाने ओळखतो. या क्रमांकाला यूआयडी म्हणतात. त्यानुसार जुडगे असे असतात:

- यूजर कीरिंग: एकाच यूआयडीच्या सगळ्या प्रोग्राम्ससाठी सामायिक.
- सेशन कीरिंग: साधारणपणे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत.
- पर्सिस्टंट कीरिंग: तुम्ही लॉगआउट केल्यावरही चालू राहणाऱ्या कामांसाठी. वापर झाला नाही, तर ठरावीक मुदतीनंतर (सहसा ३ दिवस) तो आपोआप संपतो.

चाव्या कर्नलच्या मेमरीत जागा घेतात. म्हणून साध्या यूजरला सहसा २०० चाव्या आणि २०,००० बाइट्स एवढीच मर्यादा असते. नाहीतर एकच जण चाव्यांचा ढीग रचून सगळं मशीन अडवून ठेवेल.

मग चूक कुठे झाली?

२००८ मध्ये एक बदल झाला. यूजरचा जुडगा आधीपासून बनवून ठेवण्याऐवजी, गरज पडेल तेव्हाच बनवायचा असं ठरलं. नवा बनवण्याआधी कर्नल पाहायचा, की या यूआयडीच्या नावाचा जुडगा आधीच आहे का? असला तर तोच वापरायचा.

अडचण इथेच होती. समजा, ३००० क्रमांकाच्या यूजरने ४००० क्रमांकाच्या यूजरच्या नावाचा जुडगा आधीच बनवून ठेवला. पुढे ४००० ला जुडग्याची गरज पडली, की कर्नल हाच बनावट जुडगा त्याच्या हाती द्यायचा! त्याचा मालक मात्र ३००० च राहायचा, आणि ताबाही त्याच्याकडेच. म्हणजे ४००० ने आत ठेवलेल्या चाव्या धोक्यात.

थोडक्यात, शेजाऱ्याने तुमच्या नावाची पाटी लावून स्वतःचं कपाट ठेवलं आणि वॉचमनने पाटी वाचून तुम्हाला तेच दाखवलं.

दुरुस्ती काय केली?

२०१७ मध्ये गुगलचे इंजिनिअर एरिक बिगर्स यांनी ही चूक दुरुस्त केली. कर्नल स्वतः यूजरसाठी जो जुडगा बनवतो, त्यावर आता एक अंतर्गत खूण असते. ही खूण साध्या यूजरला उमटवता येत नाही. शोधताना खूण नसलेले जुडगे कर्नल सोडून देतो, त्यांचं नाव काहीही असो. ही दुरुस्ती ४.१३.५ या आवृत्तीत आली. या त्रुटीचा अधिकृत क्रमांक आहे सीव्हीई-२०१७-१८२७०.

तुम्हाला धोका आहे का?

हा हल्ला करायला त्याच मशीनवर खातं किंवा प्रोग्राम चालवायची मुभा लागते. त्यामुळे घरी एकट्याने वापरायच्या लॅपटॉपपेक्षा लॅब, ऑफिस किंवा होस्टिंगचे सामायिक सर्व्हर जास्त जोखमीचे. कर्नलची आवृत्ती जुनी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. अनेक लिनक्स वितरणं सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतही आणून देतात. पण त्या मिळण्यासाठी अपडेट करावं लागतं आणि कर्नल अपडेट झाल्यावर मशीन सहसा रीस्टार्टही करावं लागतं. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबण्याआधी एवढं लक्षात ठेवा.