साहेबाचे ओटे व हेलियम

विजयदुर्गाच्या किल्ल्यांत ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत नॉर्मन लॉकियरनें येथूनच हेलियम वायु शोधला, अशी लोककथा आहे. ग्रहणाची छाया या किनाऱ्यावरून गेली, हें खरें. परंतु लॉकियर त्या दिवशीं इंग्लंडांत होता. सूर्यप्रकाशांतील ती पिवळी रेषा त्यानें तेथूनच ऑक्टोबरांत टिपली.

१८९५ सालीं रॅमसेला हा वायु पृथ्वीवर सांपडला. १९०८ सालीं लायडन येथें कामरलिंग ओनेसनें तो द्रवरूप केला, आणि १९११ सालीं त्याच थंडाव्यांत पाऱ्यांतील विजेचा रोध एकाएकीं नाहींसा झालेला पाहिला. हीच अतिसंवाहकता. तींत इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें वाहतात. चुंबकी अणूंची भेसळ झाली कीं त्या जोड्या फुटतात, अचुंबकी भेसळ मात्र फारशी बाधत नाहीं, असा नियम ठरला.

१९८६ सालीं तांब्याच्या ऑक्साइडांचे, पुष्कळ वरच्या तपमानांतहि टिकणारे अतिसंवाहक निघाले. त्यांना हा नियम लागू पडेना. २००० च्या सुमारास, द्रव हेलियमच्या उणे २६९ अंशांच्या थंडींत एकेक परका अणु न्याहाळला, तेव्हां चुंबकी निकेलपेक्षां अचुंबकी जस्तच अधिक घातक ठरलें.

लोककथा असो वा शास्त्रनियम, पारखून घ्यावाच लागतो. त्यानें विजयदुर्गाचें महत्त्व उणें होत नाहीं.