रडारच्या पडद्यावरचे हॅम्बुर्ग

१९४१ साली हॅम्बुर्ग शहराने आपले एक तळेच लपवले. ऐन मध्यवस्तीतल्या आतल्या आल्स्टर तळ्यावर लाकडी सांगाडे उभारून, जाळ्या पसरून खोटी वस्ती वसवली. शेजारच्या मोठ्या तळ्यात खोटा पूलही बांधला. वरून पाहणारा वैमानिक फसावा, एवढाच हेतू. डोळ्यांपुरती युक्ती बरी होती. पण ३० जानेवारी १९४३च्या रात्री आलेल्या ब्रिटिश विमानांच्या पोटाखाली ‘एच-टू-एस’ रडार होते. त्याला ना उजेड लागे, ना ढग आड येत.

हे यंत्र सुमारे १० सेंटिमीटरच्या लहरी खाली सोडी. शांत पाण्यावर तिरपी पडलेली लहर पुढेच निघून जाते. म्हणून नदी पडद्यावर काळी. शेतातून थोडे काही परतते. शहराचे निराळे. रस्ता आडवा, भिंत उभी. भिंतीच्या बुंध्याशी टाकलेला रबरी चेंडू दोन टप्पे घेऊन आपल्याकडेच येतो, तशी लहर आल्या दिशेने माघारी फिरते. गवंड्याने ओळंबा लावून साधलेला काटकोनच घराची चुगली करू लागला! एल्बे नदी आणि गोद्यांचे काळे पाणी शेजारी असल्याने हॅम्बुर्ग तर उठून दिसे. एवढी मोठी नदी झाकणार कशी?

तरी पडद्यावरचे ते ठिपके म्हणजे शहराचे छायाचित्र नव्हे. २७ जुलैच्या रात्री याच रडारच्या भरवशावर टाकलेल्या खुणा ठरल्या जागेच्या पूर्वेला सुमारे दोन मैल पडल्या. खाली हामरब्रोक ही कामगारांची दाट वस्ती होती. तिथे आगीचे वादळ उठले. त्या आठवड्यात शहरात मेलेल्यांची संख्या ३५ ते ४० हजारांच्या घरात जाते.

जर्मनांना हे यंत्र फेब्रुवारीतच सापडले होते. रॉटरडॅमजवळ पडलेल्या विमानात. पुढे त्यांनी तोच काटकोन उलटवला. तीन पत्रे परस्परांशी काटकोनात जोडायचे आणि तराफ्यावर ठेवून तळ्यात सोडायचे. असला हातभर कोपराही पडद्यावर घरासारखा चमकतो. बर्लिनभोवतीच्या तळ्यांवर असे तराफे तरंगू लागले: जिथे माणूस नाही, तिथे वस्ती दिसावी म्हणून.