मेणवलीचा वाडा: दगड, सागवान आणि कागद

मंडळी, नातेपुत्यात वाड्यांवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आता राहिलेत किती? जे राहिलेत ते वाचायचे कसे, हे समजावं म्हणून आज आपण मेणवलीला जाऊ. इथून फलटण, लोणंद करत वाई गाठायची. तिथून मेणवली जेमतेम ३ किलोमीटर, कृष्णेच्या काठी.

१७६८ मध्ये औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणवीसांना इनाम दिलं. नानांनी तिथं वाडा, घाट आणि देवळं उभी केली.

आता वाडा बाहेरून बघा. उंच भिंत, भक्कम दरवाजा, खिडक्या मोजक्याच. आत मात्र एकामागून एक सहा चौक. उजेड, वारा, पाऊस, सगळं चौकातून येतं. काळ धामधुमीचा होता, म्हणून घर बाहेर पाठ करून आत उघडतं. पेशवाईतल्या वाड्यांची रीतच अशी: पुढच्या चौकात कारकून आणि येणारे-जाणारे, आत माजघर, देवघर. कुणी कुठवर यायचं हे सांगायला पहारेकरी लागत नाही, बांधणीच सांगते.

घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर साल आहे १७०७. ती पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाची ती लूट. एका घंटेत अख्खी मोहीम!

पण आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो तो इथला कागद. नाना १८०० मध्ये वारले, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी वाड्यातलं दप्तर टिकलं. पुढं द. ब. पारसनिसांनी ‘मेणवली दप्तर’ उजेडात आणलं आणि पेशवाईच्या इतिहासाला अस्सल साधन मिळालं. छप्पर शाबूत राहिलं म्हणून कागद राहिले, हे विसरू नका.

मेणवलीचा वाडा आजही वंशजांनी सांभाळलाय. ‘स्वदेस’ सिनेमात तुम्ही तो पाहिलाही असेल. प्रत्येक घराला हे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. वाटण्या होतात, पावसाळ्यात भिंत खचते, तुळया विकल्या जातात. वाडा पाडावा लागला तर पाडा. पण त्याआधी चौकाची मापं घ्या, फोटो काढा, आणि माळ्यावरची मोडी कागदांची पेटी रद्दीत घालू नका. मोडी वाचणारा माणूस शोधता येतो, जळालेला कागद परत येत नाही.